होडी वल्हवायची कुणी

उपडी घातलेल्या होडीच्या पोटावर रिठ्यांचा फेस पसरला होता आणि हिरा तो दोन्ही हातांनी गोल गोल फिरवत होती — लहान पोराचं डोकं न्हाऊ घालावं तशी. मी शेजारी बादली घेऊन उभा. ती म्हणाली की तांब्याभर कोमट पाणी ओतायचं, ती थांब म्हणाली की थांबायचं... भाद्रपदातलं स्वच्छ ऊन होतं, चुलीवर उकळलेल्या रिठ्यांचा तुरट वास अंगणभर झाला होता, मागच्या उसात कुठंतरी मोर ओरडत होता आणि धरणाचं पाणी आमच्या बांधापर्यंत येऊन गप्प बसलं होतं. आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तर मी एवढी किटकिट केली नसती.

होडी फायबरची. कुठल्याशा बोटिंगच्या ठिकाणी जुनी म्हणून काढून टाकलेली, ती आम्ही घरी आणली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. धरणाच्या पाण्यापलीकडं हिराच्या बापाच्या जमिनीचा एक तुकडा आहे. तिला भाऊ नव्हता म्हणून तो तिच्याकडं आला. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, आणि शेवटची वाट दोन्ही अंगांनी उंच उसातून, जिथं ऊन कललं की बिबट्याच्या धाकानं माणूस पाय उचलत नाही. होडीनं गेलं तर समोरच. औंदा तिथं भुईमूग होता आणि तो काढायला येत चालला होता.

पण होडीची दशा झालेली. ऊन खाऊन खाऊन तिचा निळा रंग पार उडालेला, हात फिरवला की भिंतीचा चुना लागावा तशी पांढरी भुकटी तळव्याला यायची. वल्ही अडकवायच्या कड्या पितळेच्या, त्या काळ्या पडलेल्या. त्यांचे स्क्रू मात्र कुणी शहाण्यानं लोखंडी मारलेले, ते गंजून प्रत्येकाखाली पानाची पिंक सुकावी तसा तांबडा ओघळ. आणि तळाला वीतभर चीर. त्या चिरेवर मी आधी एकदा फायबरची जाळी आणि रेझीन लावून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते ठिगळ भाजलेल्या पापडासारखं अख्खंच्या अख्खं सुटून हातात आलं.

ते ठिगळ पिशवीत घालून मी मंचरला ज्या दुकानातून सामान आणलं होतं तिथं गेलो. शेठनं ते नाकाला लावलं. म्हणाला, "काका, याला तेलाचा वास कशाचा?"

"तेल तर आमी दर साल लावतो. आत-भाईर, चांगलं चोळून."

"होडीला?"

"मग कुणाला?"

शेठनं कपाळावर हात मारला. "अवो काका, ती होडी हाय का तालमीतला पहिलवान? तेलकट जागेवर हे धरायचंच नाही. आधी सगळं तेल काढा, घासा, कोरडं करा, मग लावा."

घरी येऊन मी हिराला तोंडावर सांगितलं, की तुझ्या तेलानं होडी बुडवली. ती चिंच लावून पितळी कड्या घासत ओट्यावर बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "तेल लावणारी मी. आन् 'हिरे, कशी झळकती बघ' म्हनून मिशीवर हात फिरवणारं कोन व्हतं?" मग स्वतःच उठून माळ्यावरची रिठ्यांची पुरचुंडी काढली. मी म्हणालो, थिनरनं निघेल. ती म्हणाली, "आदी रिठं. मंग तुमचं ते वासाचं पाणी."

होडीला तेल लावायचं हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं, ते सांगायचं तर मला नदीवर जावं लागेल... धरणाच्या आधीच्या, आमच्या लहानपणच्या नदीवर.

थंडी पडली की पलीकडच्या थडीवर हिराच्या बापाचं गुऱ्हाळ लागायचं. त्यांना सगळी माणसं तात्या म्हणत. पहाटे आम्ही या काठावर शेकोटीला बसलेलो असताना धुक्यातून पहिल्यांदा यायचा तो वास — चुलवाणात पेटलेल्या चिपाडांचा धूर, त्यात उकळत्या रसाची गोड वाफ, आणि मागाहून येणारी ती किंचित करपल्यासारखी गंधाची लाट, जिच्यामुळं पोटात खड्डा पडायचा. नदीत तेव्हा गुडघाभर पाणी. दगडांवरून उड्या मारत आम्ही पोरं पलीकडं. रस ज्यात उकळायचा ती काहील, म्हणजे लोखंडाची अवाढव्य पसरट कढई. आत चार पोरं आडवी झोपली तरी जागा उरावी एवढी. गूळ निववायच्या वाफ्यात ओतला की तिच्या कडेला चिकटलेला खरपूस थर आम्ही उसाच्या चोयट्यांनी खरवडून खायचो. जीभ भाजायची, ओठ चिकटायचे, बोटं दिवसभर चाटली तरी गोडवा जायचा नाही. हिरा तेव्हा एवढीशी, परकरपोलक्यातली, नाक सदा वाहतं, आणि आवाज मात्र गुऱ्हाळाच्या मालकिणीचा. कोण जास्त खातंय यावर तिची नजर. "ए, तू पल्याडचा ना? तुजं झालं. ऊठ."

हंगाम उठला की तात्या काहील राखेनं घासायचे, उन्हात तापवायचे, आणि तापलेल्या लोखंडावर करडईचं तेल फडक्यानं जिरवायचे. हिरा त्यांच्या मागं मागं दुसरं फडकं घेऊन. तात्या म्हणायचे, "पाज गं तिला पोटभर. पावसाळ्यात पान्यात जायाचंय तिला." आणि ती पोर आपल्याच थोरल्या बहिणीला माखावं तशी त्या काळ्या लोखंडाला माखायची, कोपरापर्यंत तेलकट होऊन. त्या तेलाचा, तापल्या लोखंडाचा आणि तळाशी कुठंतरी राहिलेल्या जुन्या गुळाचा असा मिळून एक वास व्हायचा. तो वास मला पुढं जन्मभर हिराच्या हातांना येत राहिला... म्हणजे तसा मला वाटायचा. तिच्या हातांना खरं तर चुलीचा आणि कांद्याचाच वास असायचा.

पावसाळ्यात तीच काहील नाव व्हायची. पूल लांब, होडी कुणाकडं नाही. मग नदी भरली की तात्या काहील पाण्यात ढकलायचे. बाया, दुधाच्या किटल्या, शेरडं, पाटी-दप्तराची पोरं — सगळ्यांना तोलून मापून गोल बसवायचे, जाड्या माणसासमोर दोन किडकिडीत. रस ढवळायचं लाकडी फावडं हेच वल्हं. पण कढईला ना पुढचं टोक ना मागचं. जरा जोर चुकला की ती जागच्या जागी जात्यासारखी फिरायला लागायची, आणि बसलेल्या माणसाला कधी हा काठ दिसायचा, कधी तो. तात्या हसायचे. म्हणायचे, "फुकट दोनी गावं बघा."

शाळा पलीकडं होती. मी तिसरीत शाळा सोडली. आमच्या वयाची माणसं शाळा का सोडली विचारलं की परिस्थिती म्हणतात. माझी परिस्थिती बरी होती. मी पाण्याला भ्यायलो, एवढंच.

त्या दिवशी नदीला तांबडं पाणी होतं, फेस वाहत होता, मधूनच एखादं झुडूप मुळासकट जायचं. तात्यांना ताप होता म्हणून त्यांचा गडी फावडं घेऊन बसला होता आणि हिरा बापाच्या जागी हुकूम सोडत होती. एका म्हातारीची शेळी काहिलीत. मध्यावर आल्यावर शेळीला काय दिसलं कुणास ठाऊक, तिनं उडी घेतली ती सरळ माझ्या मांडीवर. काहील कलली. पाणी आत आलं. गड्यानं घाबरून भलतीकडं रेटा दिला आणि आम्ही फिरायला लागलो... काठ, पाणी, काठ, पाणी, म्हातारीचं उघडं तोंड, पुन्हा काठ. मी उभा राहून बोंबललो. उभं राहणं ही सगळ्यांत वाईट गोष्ट. तेव्हा हिरानं माझ्या पाठीत गुडघा घालून मला खाली दाबलं, माझे केस धरले आणि मान वर ओढली.

"भित्र्या, वर बघ! आभाळाकडं बघ! पान्याकडं बघू नगं!"

मी आभाळाकडं पाहिलं. ढग फिरत होते, पण ढगांनी माणूस बुडत नाही. तिनं गड्याच्या हातातलं फावडं हिसकून घेतलं, कडेला पोट टेकून पाण्यात उभं खुपसलं, आणि एवढ्याशा जीवानं त्यावर भार टाकला. काहील थांबली नाही, पण सावकाश झाली. बऱ्याच खाली वाहत जाऊन आम्ही एका बाभळीला अडकलो. कुणी बुडालं नाही. माझी पाटी तेवढी गेली. काटे काढत म्हातारी हिराला आशीर्वाद देत होती आणि हिरा मला म्हणत होती, "माझ्या काहिलीत पुन्ना उबा राह्यलास तर टाकून दीन."

मी पुन्हा तिच्या काहिलीत बसलोच नाही. पावसाळाभर शाळेत गेलो नाही, आणि मग पाणी उतरलं तरी गेलो नाही. मास्तर घरी आले, बापानं दोन दिल्या, तरी नाही. मात्र थंडीत गुऱ्हाळ लागलं की मी पलीकडं सगळ्यांत पुढं.

आमचं लग्न झालं ते ऐन उन्हाळ्यात. नदी आटलेली, वऱ्हाड वाळूतून चालत आलं, नवरीच्या पायाला चटके बसले. माझ्या घरी आल्यावर हिरा पहिल्यांदा जे बोलली ते हे, की मला काहिलीतून यायचं होतं. मग धरण झालं. पाणी वर चढलं आणि तिथंच राहिलं. गुऱ्हाळाची जागा त्याखाली गेली, काहील विकली गेली, तात्या गेले, आणि वरच्या अंगाचा तो एक तुकडा उरला. आम्ही होडी आणली त्या दिवशी मी अजून दोरी कुठं बांधायची त्याचा विचार करत होतो, तोवर हिरा पदर खोचून मधल्या फळीवर जाऊन बसली होती, दोन्ही वल्ही हातात. कुणी विचारलं नाही, कुणी ठरवलं नाही. त्या दिवसापासून वल्हवायचं तिनं. मी डबा घेऊन मागच्या फळीवर. पाणी आत आलं तर उपसायचं आणि ती म्हणेल तिकडं सरकायचं. मला अजून पोहता येत नाही.

तर ते रिठे. दुपारपर्यंत आम्ही होडी तीनदा धुतली. तिसऱ्यांदा ओतलेलं पाणी फायबरवर थेंब थेंब होऊन पळालं नाही, सपाट पसरलं. म्हणजे तेल निघालं. हिरा मागं सरून कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. म्हणाली, "उघडी पडली बिचारी." मग पाठीत चमक भरली म्हणून बादली उपडी करून तिच्यावर बसली. मी म्हणालो, वाकून वाकून भरली असेल. तिनं घोटभर पाणी मागितलं, आत जाऊन पडली. दिवस मावळायच्या आत शेजारच्याच्या गाडीत घालून आम्ही तिला घेऊन निघालो होतो, आणि मोठ्या रस्त्याला लागायच्या आधीच तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं. त्याच्यापुढं सांगण्यासारखं काही नाही.

सुतकात होडी तशीच उपडी पडून होती. भेटायला आलेली माणसं तिला टेकून बसायची. पितळी कड्या हिरानं चिंचेनं घासून ताटात ठेवलेल्या, त्या तिथंच होत्या. त्यांच्याकडं बघून पिंपळवंडीची माझी चुलत मेव्हणी विचारत होती, "दाजी, हे कुठल्या देवाचं वं?" मी म्हणालो, होडीच्या देवाचं. तिनं रडता रडता हात जोडले.

दहावा झाला, डोक्यावरचे केस गेले, आणि सुतक फिटलं तेव्हा मी पॉलिश पेपर घेऊन बाहेर बसलो. चाकणला कंपनीत असलेला माझा मुलगा दत्ता ओसरीवरून बघत होता.

"आबा, कशाला आता? भुईमूग वाट्यानं देऊन टाकू. जमीनपण देऊ वाट्यानं. तुमी चला आमच्याबरोबर."

"चीर हाय ती बुजवली पाह्यजे."

"बुजवाल वो. पन वल्हवणार कोन?"

मी पेपर पाण्यात बुडवला आणि घासत राहिलो. पांढरं पाणी ओघळायचं, त्याखालून फिकट का होईना निळा रंग वर यायचा. चिरेच्या भोवती थिनरचं फडकं फिरवलं. मग अडचण आली ती हातांची. रेझीनमध्ये हार्डनर घातला की थांबता येत नाही; ते डब्यातल्या डब्यात गरम होतं, ओढ धरायला लागतं, थेट गुळाच्या पाकासारखं, आणि मग एका माणसानं जाळी ताणून धरायची, दुसऱ्यानं ब्रशनं ते तिच्यात मुरवायचं. हिरा असती तर पाकाची वेळ तिला बरोबर कळली असती. मी डबा हातात घेऊन इकडंतिकडं पाहिलं.

"मी धरते," सून म्हणाली. मनीषा तिचं नाव. शहरात वाढलेली, फार बोलणारी नाही. पदर नाकाला लावून तिनं जाळी धरली. मी खेकसलो, "ताण नीट, सुरकुती पडतीय." ती म्हणाली, "आबा, तुम्ही आधी ब्रश तरी सरळ फिरवा." दत्ता ओसरीवर पहिल्यांदा हसला, कितीतरी दिवसांनी. ठिगळ बसलं. दुसऱ्या दिवशी नखानं उचकून पाहिलं, निघालं नाही. लोखंडी स्क्रू काढून न गंजणारे मारले, कड्या बसवल्या. तेल लावलं नाही. हात शिवशिवत होते, तरी नाही.

तेराव्याचं जेवण झालं आणि माणसं पान खाऊन उठायला लागली तेव्हा मी म्हणालो, आलाच आहात तर हात लावा. आठ-दहा जणांनी होडी उचलून पाण्यात नेली. हिराच्या चुलत्याचा पोरगा म्हणाला, "दाजीबा, जेवणाचं मोल वसूल केलं राव तुमी." होडी तरंगली. मग एकेक करून गाड्या निघून गेल्या, आणि दत्तानं निजताना सांगितलं की उद्या दुपारची निघायची तयारी ठेवा. भुईमुगाचं तो फोनवर कुणाशी तरी बोलत होता. जास्त दिवस राहिला तर शेंगांना मातीतच कोंब फुटतील, हे तो बरोबर सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडल्यावर, मी पाण्यावर गेलो. दोरी सोडली. सवयीनं मागच्या फळीवर जाऊन बसलो आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो, होडी हलतच नव्हती. मग चवड्यांवर सरकत, उभा न राहता, मधल्या फळीवर गेलो. वल्ही कड्यांत घातली आणि ओढली. होडी गर्रकन फिरली. पुन्हा ओढली, पुन्हा फिरली. काठ, पाणी, काठ, पाणी. मी आभाळाकडं पाहिलं, श्वास सोडला, आणि दोन्ही हात एका वेळी, सावकाश ओढले. ती निघाली.

तेव्हा मला एक गोष्ट समजली, जी इतकी वर्षं तिच्यासमोर बसून समजली नव्हती. वल्हवणाऱ्याचं तोंड मागं असतं. जिथं जायचं ते त्याला दिसत नाही. दिसतं ते सोडलेलं घर, लहान लहान होत जाणारं, आणि समोरच्या फळीवरचा माणूस. हिरा ओढता ओढता मधेच विचारायची, "आलं का?" मी म्हणायचो, "न्हाई अजून, जरा डाव्या अंगाला घे, तिकडं खडक हाय." मला वाटायचं मी नुसताच बसून असतो... समोरची फळी आता रिकामी होती. तिच्यावर ऊन पडलं होतं.

"आबा!" काठावर मनीषा उभी, हातात चहाचं भगुलं तसंच. तिच्यामागं दत्ता, तोंडात ब्रश. "आबा, खडक! उजवीकडं घ्या!"

मी होडी माझ्या उजवीकडं वळवली.

"तुमच्या नाही, माझ्या उजवीकडं!"

"मंग तसं सांग की!"

"आता सरळ! सरळ!" ती भगुलं खाली ठेवून दोन्ही हातांनी दाखवायला लागली, ड्रायव्हरला गाडी मागं घ्यायला सांगतात तशी. दत्ता ब्रश काढून काहीतरी ओरडला, ते मला ऐकू आलं नाही. ती दोघं लहान होत गेली, घर लहान होत गेलं, दंड भरून आले, तळहाताची साल निघाली. मान वळवायची मला भीती वाटत होती, म्हणून मी मनीषाच्याच हातांकडं बघत ओढत राहिलो. मग होडी मऊ चिखलात घुसली, मी पाठीवर पडता पडता राहिलो, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी मोठ्यानं म्हणालो — आलं.